बारा शब्दांची सॉफ्ट कॉपी

पेन्सिलीनं लिहिलेला कागद टिकत नाही. अभिलेख कक्षात तेहतीस वर्षं धूळ खाऊन मी एवढं तरी शिकलो. शाई पसरते, वाळवी लागते, झुरळं खळ खातात, तरी काहीतरी वाचता येतं. पेन्सिल मात्र घडीघडीवर पुसली जाते आणि शेवटी हातात कोरा कागद राहतो. म्हणून माझ्या बहिणीनं पेन्सिलीनं लिहिलेलं एक पान माझ्या हाती दिलं तेव्हा मी तेच केलं जे कोणाच्याही कागदाचं केलं असतं. झेरॉक्सच्या दुकानात नेलं, गडद करून घेतलं आणि लॅमिनेट केलं. तिला नवऱ्याच्या घरातून सुटायचं होतं आणि त्या सुटकेचं मी त्या दिवशी वाटोळं केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नात्यातले लोक मला भोळा बिचारा म्हणतात आणि मला त्याचा संताप येतो. मी भोळा नाही. मी शहाणपणा करायला गेलो.

बहीण माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. बाबा लवकर गेले, तेव्हा तिचं शिक्षण मीच केलं, लग्नही मीच लावलं. इंग्रजी घेऊन एम.ए. झाली आणि पांढरकवड्याला पडली. जवाईचं तिथं हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोबाइलचं दुकान आहे. ट्रकवाले उतरतात, चार्जर घेतात, रिचार्ज मारतात. माणूस बोलायला गोड. आमच्या सगळ्या गोतावळ्यात कोणाचा फोन बिघडला की पहिला फोन त्यालाच जायचा, आणि तोही कंटाळा करायचा नाही. घरी बायकोवर हात उचलायचा, हे आम्हाला उशिरा कळलं. कळल्यावर आम्ही काय दिवे लावले तेही सांगतो.

चार वर्षांपूर्वी ती लेकीला घेऊन यवतमाळला माझ्या घरी आली होती. दंड काळानिळा. बायकोनं हळद लावली, मी खालमानेनं पेपर वाचत बसलो. तिसऱ्या दिवशी जवाई पेढे घेऊन दारात. माझ्या पाया पडला, रडलासुद्धा. मी तिला आतल्या खोलीत नेऊन समजावलं. "संसारात होते थोडंफार," हे वाक्य माझ्या तोंडचं आहे, दुसऱ्या कोणाच्या नाही. तिनं पिशवी भरली आणि ती त्याच्यासोबत गेली.

जाण्याआधी त्यानं मला नवा फोन भेट दिला होता. "दादा, कायले वापरता तो डबा," म्हणाला, आणि माझ्याच सोफ्यावर बसून सगळं सेट करून दिलं. मध्ये विचारलं, "ईमेल आहे का तुमचा?" मी म्हटलं, "बापा, मले कोण ईमेल करते." तो हसला. "असू द्या, मी टाकतो माहा." बहीण तेव्हा पायरीवर चपला घालत होती. तो फोन मी चार वर्षं खिशात घेऊन फिरलो, आणि लोकांना सांगत फिरलो की जवाई लाखात एक आहे. लाज वाटते, पण सांगत फिरलो.

त्यानंतर ती माझ्या घरी राहायला आली नाही. भेटायची ती कळंबला. चिंतामणीच्या चतुर्थीचा तिचा नेम होता आणि देवाच्या नावावर तो तिला सोडायचा. मी यवतमाळहून बसनं जायचो. पायऱ्या उतरून दर्शन घ्यायचं, वर येऊन बाहेरच्या हॉटेलात चहा आणि आलूबोंडा, आणि दुपारच्या गाडीनं तिनं परत फिरायचं. महिन्यातून एवढाच वेळ भाऊबहिणीला मिळायचा.

अशाच एका चतुर्थीला तिनं मला सांगितलं की ती काम करून राह्यली आहे. लेक शाळेत आणि नवरा दुकानात गेला की दुपारी लेकीच्या ऑनलाइन शाळेच्या वेळचा जुना लॅपटॉप उघडायचा, परदेशातल्या लोकांची रेकॉर्ड केलेली बोलणी कानात घालून ऐकायची आणि टाइप करून द्यायची. वर्षभर चाललं होतं. मी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या पिंडाला शोभेल असाच होता. "पैसे कोणत्या खात्यात येते?"

"खात्यात येतच नाही दादा. खात्याचा मेसेज त्याच्या नंबरवर जाते. माह्यं सिमबी त्याच्याच नावावर हाय."

पैसे क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांत, यायचे; ते तिनं मला समजावलं. माझ्या डोक्यावरून गेलं. वॉलेट म्हणते तर मी पाकीट समजलो, आणि तिच्या पर्सकडे पाहिलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी मुद्दाम आणखी दोन येडपट प्रश्न विचारले. वॉलेट दोन तऱ्हेची असतात म्हणाली. एक कंपनीचं. त्यात आधार द्या, पॅन द्या, नंबर द्या, मग ओटीपी येणार, आणि तिचा ओटीपी म्हणजे नवऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवल्यासारखाच. मेसेज तिच्या फोनवर आला तरी संध्याकाळी फोन तपासला जायचाच. दुसरं वॉलेट कोणाचंच नाही. कंपनी नाही, ओटीपी नाही, नाव नाही. नुसते बारा इंग्रजी शब्द. ते ज्याच्याजवळ, पैसे त्याचे. तिनं हे दुसरं घेतलं होतं.

"आन हरवले तर?" मी म्हटलं.

"तर गेले."

"दाद कोणाकडे मागायची?"

"कोणाकडेच नाही."

मला ते ऐकून कसंतरी झालं. ज्या कचेरीला खिडकी नाही, अर्ज नाही, आवक-जावक नाही, ती कचेरी कसली. पण तिला नेमकं तेच हवं होतं. जिथं खिडकी आहे तिथं नवरा आधीच जाऊन उभा राहिलेला असतो, असं ती म्हणाली.

बोलण्यासाठीही तिनं असंच पारखून घेतलं होतं. नेहमीचं हिरवं ॲप कामाचं नाही, कारण तिचं ते खातं त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडं असायचं. तिला हे कसं कळलं, तर मैत्रिणीला लिहिलेली एक गंमत त्यानं जेवताना पोळी मोडत मोडत तिला ऐकवली. दुसरं एक ॲप होतं, पण त्यालाही नंबर लागायचा. तिसरं तिनं शोधलं. त्याला नंबर नको, नाव नको, आणि लिहिलेलं एका दिवसात आपोआप पुसलं जायचं. ते तिनं लॅपटॉपवर घेतलं आणि तिथंच हॉटेलच्या बाकड्यावर माझ्या फोनमध्येही घालून दिलं. नाव टाका म्हटल्यावर मी पगारपत्रकावर असायचं तसं आडनावापासून बापाच्या नावासकट पूर्ण टाकलं. तिनं कपाळाला हात लावला आणि खोडलं. "तुह्या हातून लपवालपवी व्हायची नाही," म्हणाली.

बेत असा होता. लेकीची दहावी होऊ द्यायची. निकाल लागला की अकरावीच्या ॲडमिशनचं निमित्त करून नागपूरला जायचं आणि परत यायचं नाही. तिथं स्वतःच्या आधारवर स्वतःचं सिम, स्वतःचं खातं, मग ते पैसे खात्यात उतरवायचे, खोली घ्यायची. मी म्हटलं, "मी देतो न पैसे, माह्यं पेन्शन हाय." तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही पाहिलं. पण मागच्या खेपेला माझ्या घरून ती कशी परत गेली ते आम्हा दोघांनाही त्या क्षणी आठवलं, आणि मी चहाचा पेला उचलला. तिला या वेळी कोणाच्या समजूतदारपणावर अवलंबून राहायचं नव्हतं.

फेब्रुवारीच्या चतुर्थीला तिनं तो कागद दिला. लेकीच्या वहीचं पान, चार घड्या घातलेलं. लॅपटॉप कधी फुटला किंवा त्यानं उचलून नेला तर शब्द बाहेर कुठंतरी असायला हवे, आणि घरात तर तो तांदळाच्या डब्यातही हात घालून पाहतो. "तुले देऊन राह्यली, कारण तू कागदाचा माणूस हाय," ती म्हणाली. "फोनमध्ये लिहू नोको. फोटो काढू नोको. कोणाले दाखवू नोको. फक्त सांभाळून ठेव."

सांभाळून ठेव. आमच्याकडे, निदान माझ्यासारख्यांकडे, याचा अर्थ एकच. कागद महत्त्वाचा असला की त्याची झेरॉक्स काढायची, मूळ प्रत लॅमिनेट करायची, आणि फाइलला लावून फाइल कपाटात ठेवायची. आधार कार्ड, सातबारा, आईच्या मृत्यूचा दाखला, मुलाची जन्मपत्रिका, सगळ्याला प्लॅस्टिक. प्लॅस्टिक चढलं की मला झोप लागते. तिनं मला फोटो नको सांगितलं, ते मी तंतोतंत पाळलं. झेरॉक्स नको असं ती म्हणाली नव्हती. तिच्या मनातही आलं नसेल, की याच्या डोक्यात सांभाळणं म्हणजे दुकानात जाणं आहे.

घराजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मी वर्षानुवर्षं जातो. त्यानं पान उलगडलं, उजेडात धरलं. "काका, पेन्सिल हाय, फिक्की येईन. थांबा, डार्क करून देतो." आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं दुकानाच्या फोनवर फोटो मारला, बोटानं काळपांढरा केला, प्रिंट काढली. छान ठसठशीत आली. मूळ पान आणि प्रिंट पाठीला पाठ लावून त्यानं एकाच प्लॅस्टिकमध्ये घातली. मला, खरं सांगतो, कौतुकच वाटलं. बायकोनं कधी विचारलं तर सांगायला म्हणून मी मनाशी जुळवून ठेवलं होतं की भाचीच्या इंग्रजीच्या स्पेलिंगा आहेत. घरी येऊन फाइल लावली.

त्याच दुपारी फोन वाजला. झेरॉक्सवाल्यानं हिरव्या ॲपवर फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, काका सॉफ्ट कॉपी, कामात येईन. तो सगळ्यांनाच पाठवतो. गिऱ्हाईक नंतर पुन्हा पुन्हा विचारायला येतं म्हणून त्याची पद्धतच आहे ती. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मनात आलंसुद्धा, की मी कुठं फोटो काढला, आपसूक आला. आणखी एक प्रत झाली, चांगलंच झालं, असंही आलं. तेहतीस वर्षांत हेच डोक्यात मुरलेलं.

तीन महिने काही झालं नाही. चतुर्थ्या झाल्या. तिच्या चेहऱ्यावर थोडं मांस चढलं होतं. नागपूरच्या एका बाईनं खोली दाखवायचं कबूल केलं होतं. लेकीला तिनं अजून सांगितलं नव्हतं, पण लेक एकदा आपणहून म्हणाली होती, आई, मला होस्टेल नको, आपण दोघी राहू.  मी म्हटलं, "देवाच्या दारात उभे हाओत, होईन सगळं."

दहावीचा निकाल लागला. त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी, मी कूलरमध्ये पाणी टाकत होतो तेव्हा त्या तिसऱ्या ॲपवर तिचा मेसेज आला. "दादा, त्या कागदाचा फोटो काढला का तू?"

मी हात पुसले, चष्मा लावला, आणि एकेक अक्षर शोधून उत्तर लिहिलं. "नाही. फक्त झेरॉक्सवाल्याने सॉफ्ट कॉपी पाठवली होती. कागद सुरक्षित आहे."

तिनं वाचलं. वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही. मी संध्याकाळपर्यंत फोन हातात धरून बसलो, दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिचा प्रश्न आणि माझं उत्तर, दोन्ही पुसलं गेलं होतं.

त्या दुपारी नवरा दुकानात असताना तिनं फोन केला, तेव्हा काय झालं ते कळलं. आदल्या दिवशी तिनं वॉलेट उघडलं तर रिकामं. आधी तिला वाटलं नेट नाही म्हणून. मग तीनदा बंद करून उघडलं. रात्रीच्या जेवणाला नवरा वरण वाढून घेत म्हणाला, "तुह्या दादाले सांगजो, फोटोची जागा भरत आली. त्याचे सगळे फोटो माह्याच अकाउंटले येते न. कायकाय पाठवते लोकं त्याले." एवढंच. आवाज चढवला नाही, हात उचलला नाही. लेकीला म्हणाला, लोणचं दे.

त्यानं स्वतः मागे त्या नाण्यांमध्ये हात पोळून घेतले होते, त्यामुळे बारा इंग्रजी शब्द एकाखाली एक दिसले की ते काय असतात हे त्याला सांगावं लागत नव्हतं. अक्षर बायकोचं. फोटो मेहुण्याच्या फोनवरून आलेला. फेब्रुवारीतच त्यानं पाहिला असणार. तीन महिने त्यानं वॉलेटला बोटही लावलं नाही, भरू दिलं. ती दुपारी मान मोडून टाइप करत होती आणि तो दुकानात बसून ते वाढताना पाहत होता. निकाल लागल्यावर त्यानं सगळं एकदम काढून घेतलं. माझ्या फोनमध्ये ते तिसरं ॲप आलं तेही त्याला त्याच अकाउंटवरून कळलं होतं. तिनं स्वतःचा फोन तपासला, स्वतःचं सिम तपासलं, लॅपटॉप तपासला. माझा फोन त्यानंच सेट केला होता, हे तिच्या डोळ्यासमोर घडलं होतं आणि तरी तिला ते आठवलं नाही, कारण माझ्यावर तिचा भरवसा होता. माझी तर गोष्टच सोडा, मला ते कळतच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मी पहिल्या गाडीनं पांढरकवड्याला गेलो. वाटभर मी त्याला काय काय बोलायचं ते ठरवत होतो. कॉलर धरीन असंही ठरवलं. दारात तो उभा, "या दादा, या," म्हणत पिशवी हातातून घेतली. पंखा वाढवला. मी बसलो. चहा आला. मी तो चहा प्यायलो. माझ्याच बहिणीच्या घरात तिचा घास हिरावणाऱ्या माणसासमोर बसून मी बशीत ओतून चहा प्यायलो, आणि कॉलर धरणारा हात बशीखाली होता. तो म्हणाला, "फोन द्या दादा, जागा करून देतो." मी फोन दिला नाही. दिवसभरात माझ्या हातून झालेला पराक्रम तेवढाच.

तो दुकानात गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, "चाल. आत्ता चाल. जशी हाय तशी. पैसे मी देतो, पोलिसात मी येतो."

"पोलिसात काय लिहू दादा? बारा शब्द चोरीले गेले?"

"मारते ते लिही."

"या वेळी मारलं नाही न त्यानं." तिनं एक किडकं पान बाजूला टाकलं. "आन येऊ कोठी? तुह्या घरी? तिसऱ्या दिवशी पेढे येईन."

मी म्हटलं, मी आता तसा नाही. तिनं मान हलवली, हो म्हणून. तिला माझं पटत होतं, हे मला दिसत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता हेही दिसत होतं. मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस मी, ओट्याला टेकून रडलो. तिनं मला पाणी दिलं आणि डोळे धुऊन घे म्हणाली, कारण लेक क्लासवरून यायची वेळ झाली होती.

भाचीची ॲडमिशन पांढरकवड्यातच झाली. तिला बापानं नवा फोन घेऊन दिला, सगळं सेट करून. मी माझा फोन बदलला. नातेवाइकांतल्या कोणाला न विचारता दुकानात गेलो, ईमेल स्वतः काढला, त्या कागदाची फाइल चुलीत घातली. लॅमिनेशन जळताना फार घाण वास सुटतो, बायको ओरडत बाहेर आली. हे सगळं मी बहिणीला सांगितलं तेव्हा ती "बरं केलं" म्हणाली. चतुर्थीला मी कळंबला जातो. ती येत नाही. पहिले दोन महिने मी दुपारची गाडी निघेपर्यंत थांबलो, आता दर्शन घेतो आणि परत येतो.

ती अजून काम करते की नाही, मला माहीत नाही. लॅपटॉप घरात आहे की त्यानं विकला, तेही मी विचारलेलं नाही. फोन ती साध्या नंबरवर करते, दर रविवारी, आणि पाऊस, भाजी, भाचीचे मार्क, माझा गुडघा असं बोलते. तो जवळ बसलेला असतो का, स्पीकर चालू असतो का, मला इकडून कळायला मार्ग नाही.

मागच्या रविवारी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काही ठरवलं, काही लागलं, तर मले सांगशील न?"

 ती अगदी शांतपणे म्हणाली, "नाही दादा. तुले नाही सांगणार."

मी म्हटलं, "नोको सांगू."